पंखावरची फुली

निरोप आला तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात नारळ वाजवून बघत होते. फोन भाचीचा होता. मीराचा जन्म लेस्टरचाच. मराठी बोलते, पण शब्दांचं लिंग तिच्या हाती कधी लागलं नाही. "मावशी, बाबा गेले. आज सकाळी... हार्ट अटॅक. आईने तुझा आठवण काढला. येशील ना, प्लीज?" सहा वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला फोन. माझ्या मनात आधी काय आलं ते खरं सांगते : हा माणूस शेवटपर्यंत माझ्याशी बोललाच नाही, सुटला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. डॉक्टर श्रीकांत, म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, हौशी, दिलदार, आकाशाला गवसणी घालणारा माणूस वगैरे. एकाने त्यांच्या विमानावर कविताही केली होती. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. ते विमान घेतलं त्या दिवशी मी तिथे होते, कविता करणारे नव्हते.

नव्या शतकाची पहिलीच काही वर्षं होती ती. पन्नाशीत भाऊजींना उडायचं वेड लागलं. लायसन्स मिळालं, मग स्वतःचं विमान हवं झालं. इथे काही हौशी लोक गॅरेजमध्ये आराखडे पसरून स्वतःच लाकडी विमान बांधतात, दोन माणसांपुरतं. इन्स्पेक्टरच्या सहीने दरवर्षी परवाना घेतात, उडवतात, आणि म्हातारे झाले की विकायला काढतात. तशा एका विमानाची जाहिरात भाऊजींनी कापून पाकिटात ठेवली होती, उपवर मुलीच्या फोटोसारखी. एका रविवारी ते, ताई आणि मी लिंकनशायरकडे निघालो. डब्यात धपाटे, थर्मासमध्ये चहा... मला वाटलं, पिकनिक आहे.

शेताच्या कडेला पत्र्याची शेड होती, आणि मालक होता एक निवृत्त पोस्टमन. अकरा वर्षं खपून त्याने ते बांधलं होतं. पांढरंशुभ्र, देखणं होतं, कबूल करते. भाऊजी पाहताक्षणी पाघळले. ऑपरेशनआधी आपलं भुलीचं मशीन तीन-तीनदा तपासणारा हा माणूस, इथे नुसता सीटवर बसला, दांडा हलवून पाहिला आणि विमानाच्या तपासण्या-दुरुस्त्यांची नोंदवही, ते लॉगबुक, न उघडताच हसायला लागला. मी तेव्हा दरवाजे बनवणाऱ्या फॅक्टरीत क्वालिटीला होते. प्लायवुड आतल्या चौकटीला धरून आहे की नाही, हे आम्ही बोटाच्या पेराने वाजवून ओळखतो. चिकटलेलं टणक वाजतं, सुटलेलं बद्द. हाताला सवयच ती. मी पंखाखाली वाकून वाजवत गेले, ताई थर्मास घेऊन माझ्या शेजारी उभी होती. टक, टक, टक... आणि डाव्या पंखाच्या मध्यावर बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. फॅक्टरीत करायचे तसा पर्समधल्या पेन्सिलीने तिथे गोल काढला आणि आत नापासाची फुली मारली.

"भाऊजी, हे आतून सुटलंय. उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका."

म्हाताऱ्याला मराठी कळलं नाही, फुली कळली. तो लालबुंद झाला. भाऊजी त्याला म्हणाले, "डोन्ट माइंड हर. शी चेक्स कोकोनट्स द सेम वे." दोघे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नलू, विमान आहे ते, नारळ नव्हे. जरा गप्प बस." आणि तिथल्या तिथे हात मिळवून सौदा पक्का केला. मी बोलले नसते तर त्यांनी निदान आठवडाभर विचार केला असता, असं मला अजून वाटतं.

परतताना गाडीत मी ताईला सांगितलं, पंख तपासेपर्यंत त्यात बसू नकोस. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. भाऊजी म्हणाले, "तुला आमचं चांगलं बघवत नाही." मीही हट्टाला पेटले, म्हटलं, ताई त्यात बसली तर तुमच्या घराची पायरी चढणार नाही. पंधरा दिवसांत ती बसली. मी शब्द पाळला, आणि तिनेही माझ्याकडे येणं सोडलं. माझ्या यजमानांची बायपास झाली तेव्हासुद्धा आली नाही. भाऊजींनी मात्र माझा विनोद करून ठेवला. दसऱ्याला विमानाची पूजा करताना नारळ हातात घेऊन विचारलं म्हणे, "हा नलूने पास केलाय ना?" सगळं मंडळ हसलं.

आणि मला गाडी शिकवली ती याच माणसाने, हे विसरता येत नाही. मी या देशात नवीन होते. रिव्हर्स घेताना त्यांची गाडी घासली आणि घासलेली बाजू भिंतीकडे करून गुपचूप लावून ठेवली. त्यांनी पाहिलं, ओरडले नाहीत. म्हणाले, "चूक होते गं. झाली की त्याच दिवशी सांगून टाकायची." ते मी आयुष्यभर पाळत आले.

तेराव्यानंतर ताई आणि मी त्यांची खोली आवरत होतो. खालच्या ड्रॉवरमध्ये लॉगबुक होतं, आणि हॉस्पिटलच्या हिरव्या कापडात गुंडाळलेला तळहाताएवढा प्लायवुडचा तुकडा. पांढरा रंग, त्यावर पेन्सिलीचा गोल, आत माझी फुली. लॉगबुकात नोंद होती. विमान घेतल्यावर पाचव्या महिन्यात, परवान्याच्या तपासणीत, इन्स्पेक्टरला डाव्या पंखाचं प्लायवुड आतून सुटलेलं सापडलं. तेवढा भाग कापून नवा बसवला. खाली इन्स्पेक्टरची सही, त्याखाली भाऊजींची.

"मलाही नाही सांगितलं गं," ताई म्हणाली. "तोवर चारदा बसले होते मी."

म्हणजे पाच महिन्यांत या माणसाला कळलं होतं. एक फोन केला असता, 'नलू, तुझं बरोबर होतं', एवढं एकच वाक्य, तर माझी बहीण मला परत मिळाली असती. त्यांनी ते वाक्य कापडात गुंडाळलं आणि वर माझ्यावर विनोद करत राहिले. मीरा म्हणते, "मावशी, बाबांनी तो फेकला नाही ना? त्यांना वाईट वाटत असणार." असेल. ठेवलं म्हणजे सांगितलं नव्हे. मला त्यांचा राग येतो, आणि भांडायला ते समोर नाहीत याचा आणखी येतो.

तुकडा आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कडेच्या भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. ताई गुरुवारी येते. साखरेचा डबा कुठे असतो हे तिला अजून विचारावं लागतं. परवा चहा उकळत असताना तिने तो तुकडा हातात घेतला. "कसं वाजवतात गं? दाखव ना." मी तिचं बोट धरून आधी चौकटीवर वाजवलं, मग दाराच्या पोकळ भागावर. टक... बद्द.

"ऐकू आला फरक?"

"आला," ती म्हणाली. बोट तिने दारावरून काढलं नाही. "त्या दिवशीही आला होता, नलू."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. ताईने तुकडा पदराने पुसला आणि खिडकीत परत ठेवला, फुली भिंतीकडे करून. ती गेल्यावर मी तो फिरवला.