कोऱ्या जागेतलं कासव

अंगात येणं, भुताटकी… मी यातलं काहीच मानत नाही. माझं कामच तसं आहे. छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात राहते, चिनीमातीची जुनी भांडी दुरुस्त करते. तुकडा असेल तर जोडायचा, नसेल तर मनानं काही रंगवायचं नाही, एवढं साधं.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका जुन्या घराण्याकडून जपानी थाळी आली. जपानी काम माझ्याकडं पहिल्यांदाच. निळा, लाल, सोनेरी रंग. वर पाइनचं झाड, दोन उडते करकोचे, खाली लाटा. लाटांमधला चार बोटं रुंद तुकडा गेलेला. तिथं पूर्वी कुणीतरी पांढरं प्लास्टर भरलेलं. मूळ नक्षी काय होती, मालकांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात लासूर स्टेशनचे माझे मामा डोळे दाखवायला आले होते. काचबिंदूनं दृष्टी पूर्ण गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही. तेव्हापासून मामा बोलेनात, दोन दिवस धड जेवलेही नाहीत. दुपारी त्यांचं मन रमावं म्हणून मी थाळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बघा मामा, किती गुळगुळीत आहे."

बोटं फिरत फिरत प्लास्टरवर थांबली.

"कासव हाय हितं."

"नाही मामा, ती जागा कोरी आहे."

"कोरी कशी? लाटंतून वर आलंय. शेपूट लई लांब, केसाळ… पाण्यात पसरलंय. मान वळवून त्या दोन पाखरांकडं बघतंय."

पाखरांचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला — भीतीचा नव्हे, देवळात गाभाऱ्यासमोर येतो तसा.

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"कळत नाय पोरी. दिसतंय."

त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं "गेलं" म्हणाले, आणि भाकरी मागितली.

मी प्लास्टरला हात लावला नाही. मालकांना विचारलं, या थाळीची जोडी कुठं आहे का? त्यांच्या बहिणीकडं हैदराबादला होती. महिन्याभरानं फोटो आला. लाटांत कासव, वळलेली मान, मागं लांब केसाळ शेपूट. नंतर पुस्तकात वाचलं, अंगावर शेवाळ वाढलेलं असं म्हातारं कासव जपानी लोक दीर्घायुष्याची खूण म्हणून काढतात. मामांनी कधी पाहिलं असेल म्हणावं, तर त्यांचा जन्म जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटल्यांत जेवण्यात गेला. मी बोलून गेले असेन म्हणावं, तर मलाच माहीत नव्हतं.

मामांना फोन करून फोटोचं सांगितलं.

"मंग? खोटं बोललो व्हतो का मी?" मग त्यांनीच विचारलं, "डोळा सोनेरी हाय ना त्याचा?"

मी फोटो मोठा करून पाहिला. एवढासा ठिपका… सोनेरीच होता. याचा अर्थ काय लावायचा, मला अजूनही कळलेलं नाही.