दसऱ्याला घेतलेली लाल गाडी

हे मी विलासलाही सांगितलेलं नाही. विलास म्हणजे माझा धाकटा दीर. लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासून तो माझ्याबरोबर फुलांच्या गोण्या उचलतोय. नवऱ्याला नाही सांगितलं. देवालाही नाही, कारण देवापुढे उभी राहिले की मी आधी भाव करायला लागते. मग तुम्हालाच का? कदाचित तुम्ही माझ्याकडून फुलं घेत नाही म्हणून.

आधी गाडीबद्दल बोलते. ते सोपं आहे.

गाडी जपानी, लाल, दोन दारांची. इतकी बुटकी की उपनगरात सिग्नलला शेजारी रिक्षा उभी राहिली तर मला रिक्षावाल्याचे गुडघे दिसतात. बटण दाबलं की बॉनेटमधून दोन दिवे डोळे उघडल्यासारखे वर येतात. वयानं ती माझ्या मुलापेक्षा मोठी आहे. परळच्या पुलावर तिला तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की मागच्या चकचकीत मोठ्या गाड्या आरशात लहान होत जातात — आणि मी, एकेकाळी दादरच्या पुलाखाली गोणपाटावर बसून गजरे विकणारी मंदा, एकटीच हसते. मोठ्यानं हसते. ह्यात मला कसलीही लाज वाटत नाही.

लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. येते त्याच्याकडे.

लग्नाच्या गाड्या सजवणं हा माझा धंदा. बॉनेटवर गुलाबांची जाळी, दारांच्या मुठींना निशिगंध, चिकटपट्टी अशी लावायची की काढताना रंग निघू नये. किती गाड्या सजवल्या असतील? आणि आत बसले किती? एकदा गिरगावातल्या एका लग्नाला अशीच एक बुटकी लाल गाडी आली. मी हात लावणार तेवढ्यात नवऱ्यामुलाचे वडील म्हणाले, "बाई, बांगड्या काढा आधी. ओरखडा पडेल." मी काढल्या. पदराला बांधल्या. गाडी सजवली, आणि पैसे घेताना एक रुपया सोडला नाही. पण ते मनात राहिलं. माझ्या मनात गोष्टी राहतात. सगळे म्हणतात, मंदा विसरत नाही. खरंय.

धंदा वाढला, दुकान झालं, टेम्पो झाले, घरची गाडी झाली — क्लच नसलेली, पाय दाबला की चालणारी, ती मीही चालवायचे. आणि मग कळलं की काळाचौकीच्या रत्नाकरकडे तसलीच एक गाडी विकायला आहे.

रत्नाकर मालवणकडचा. जुन्या गाड्यांत त्याचा शब्द चालायचा. रविवारी सकाळी वरळीला समुद्रावर जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात, त्यांच्यात कुणीही काही घ्यायचं म्हटलं की आधी विचारायचे, "रत्नाकरनं बघितली का?" ही गाडी कुणाच्या तरी शेडमध्ये उंदरांनी खाल्लेली पडली होती. त्यानं ती आणून नट-नट वेगळी केली, स्वतःच्या हातानं उभी केली. बढाईखोरही होता. "मुंबईत हिला माझ्याशिवाय कोण हात लावणार?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं सांगता येणार नाही.

मी गेले पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत कुणी गाडी घेत नाही, बघायलासुद्धा फिरकत नाही. विकणारा माशा मारत बसलेला असतो.

"ताई, दसऱ्यापर्यंत थांबलो तर रांग लागेल हिला," रत्नाकर म्हणाला.

"मग थांबा. मी बसते इथे. चहा सांगा."

बसले. दुपार गेली. मी त्याला झेंडूचे भाव सांगितले, पावसानं शेवंती कशी कुजली ते सांगितलं, गाडीच्या सीटचा उसवलेला टाका दाखवला, मागच्या दिव्याची चीर दाखवली. दिवेलागणीला तो म्हणाला, "ताई, तुम्ही माणूस नाही. तुम्ही मार्केट आहात." आणि माझ्या आकड्यावर हो म्हणाला. कागदपत्रं लगेच करायची, गाडी न्यायची दसऱ्याला. एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती. माझं काम तिथं झालं होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

दसरा म्हणजे आमचा सगळ्यात मोठा दिवस. पहाटेपासून झेंडू तोलून हात केशरी झालेले. दुपारी बाजार उतरल्यावर मी आणि विलास काळाचौकीला गेलो. गल्लीतल्या सगळ्या गॅरेजांची पूजा चालू होती, पान्यांना हळदकुंकू, टेम्पोंना हार. माझ्या गाडीचा हार मी स्वतः ओवून आणला होता. दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी आयुष्यभर ओवले, हा माझा. रत्नाकरनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पहिल्यांदा हलते तेव्हा ती चिरडली पाहिजेत, म्हणजे दृष्ट जाते. आजूबाजूचे गॅरेजवाले पेढ्यांसाठी जमले.

आणि रत्नाकरनं चावी विलासच्या हातात दिली.

"सांभाळून रे. पिकअप जबरी आहे. ताईंना बाजूला बसव."

"चावी इकडे," मी म्हणाले.

"तुम्ही चालवणार? ताई, ही गजऱ्यांची टोपली नाय हां."

हसले सगळे. वाईट नव्हते हसत, सणाचं हसत होते. पण तुम्हीच सांगा — भाव मी केला, पैसे माझे, कागदावर नाव माझं, आणि चावी दिराला? ह्या एका गोष्टीसाठी मी रत्नाकरला आजही माफ केलेलं नाही. करणारही नाही. हा कबुलीजबाब माझा आहे, म्हणून त्याची चूक बरोबर होत नाही.

बसले. गाडी सुरू केली. पहिला गिअर पडला. डावा पाय उचलला — गाडीनं जागच्या जागी एक उडी मारली आणि बंद. पुन्हा. पुन्हा बंद. गल्लीला थोडा उतार आहे. तिसऱ्या वेळी गाडी पुढे जायच्या ऐवजी हळूच मागे आली, आणि पुढच्या चाकाखालचं लिंबू अख्खंच्या अख्खं घरंगळत गटारापर्यंत गेलं. कुणीतरी म्हणालं, "दृष्ट चालत गेली!" परत हसणं.

मी उतरले. दार आपटलं. आणि ओरडले, "क्लच गेलाय हिचा! जळलेला क्लच रंग मारून गळ्यात मारता? बाई बघून फसवता?"

हसणं थांबलं. रत्नाकरचा चेहरा मी विसरलेले नाही. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याच्या तोंडून घरची भाषा आली, "क्लच बरो आसा, ताई. पाय बघा तुमचो."

"माझ्या पायाला नावं ठेवता? माझ्या?"

माझा आवाज मोठा आहे. फुलबाजारात तो कमावलाय. गल्लीच्या टोकाची माणसं आली. रत्नाकर मग अगदी शांत झाला — मला तो रागावलेला चालला असता. म्हणाला, "ताई, आत्ता गिअरबॉक्स खाली घेतो. सगळ्यांच्या समोर. क्लचची प्लेट काढून तुमच्या हातात देतो. जळलेली निघाली तर गाडी फुकट न्या."

आता ऐका. इथपर्यंत मी चिडलेली बाई होते. राग आला, तोंड सुटलं, होतं माणसाचं. पण ह्यापुढचं रागात केलेलं नाही.

मी म्हणाले, "हात लावायचा नाही. गाडी माझ्या नावावर आहे."

विलास हळूच म्हणाला, "वहिनी, मी एकदा चालवून बघू का?"

"तू टेम्पोत बस."

आणि मी क्रेन बोलावली. हार घातलेली, कुंकू लावलेली गाडी दसऱ्याच्या दिवशी क्रेनला लटकवून लालबागमधून आणली, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

कळलं ना तुम्हाला? मला माहीत होतं. दार आपटायच्या आधीच माहीत होतं. तो पेडल हळूहळू सोडायचा असतो, आणि मी पाटावरून पाय उचलावा तसा उचलला होता. मला क्लचची गाडी चालवता येत नव्हती. एवढंच. एवढंच म्हणायचं होतं — "मला येत नाही, शिकवा." चार शब्द. कितीतरी बायका रोज म्हणतात. मला नाही म्हणता आले. त्याच्याऐवजी मी एका माणसाला खोटं ठरवलं, आणि खरं दाखवायला तो हात पुढे करत होता, तर त्याला हात लावू दिला नाही.

मग सांगत सुटले. दुकानात येईल त्याला. सजावटीला जाईन तिथे. "काळाचौकीचा तो रत्नाकर? जळलेला क्लच दिला मला." सांगताना मजा यायची, खोटं कशाला बोलू. प्रत्येक वेळी नवा मीठ-मसाला. वरळीच्या शौकिनांपैकी दोघांच्या घरची लग्नं मी सजवली, त्यांनाही सांगितलं. रत्नाकर माझ्याकडे भांडायला आला नाही. वर्ष-दीड वर्षात त्याच्या दारातल्या जुन्या गाड्या कमी झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या, मग त्या जागेवर टायरचं दुकान आलं.

गाडी माझ्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली. मी काय केलं? प्रभादेवीच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. घरी सांगायचे, सिद्धिविनायकाला जाते. येताना पेढे घेऊन यायचे, पुरावा म्हणून. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची मंदा किती धार्मिक झालीय. शिकवणारा पोरगेला मास्तर डोक्याला हात लावायचा: "मॅडम, क्लचशी भांडू नका हो. तो काही मागत नाहीये." शिकले. गाडी मागे न घसरू देता चढावर कशी उचलायची तेही शिकले, घाम निघेपर्यंत. शिकल्यावर घरी जाहीर केलं की बाहेरचा मेकॅनिक आला होता, नवा क्लच जपानहून मागवला, भावही कसला तोडून आणला. विलास म्हणाला, "वहिनी, तुम्ही जपान्यालाही सोडलं नाही!"

कोण मेकॅनिक? कुठला जपान? गाडीला कुणी हात लावलेला नाही. क्लच तोच आहे, रत्नाकरनं बसवलेला. त्याच क्लचवर मी पेडर रोडचा चढ चढते, त्याच क्लचवर गिरगाव चौपाटीचं वळण घेते. ज्या गाडीवर बसून मी जग जिंकल्यासारखी हसते, ती त्याच्या हातची जशीच्या तशी आहे. इतकी वर्षं झाली, एकदा कुरकुर नाही.

परवा मंडपाच्या बांबूंचं बघायला रे रोडला गेले होते, मुद्दाम लाल गाडी काढून. पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. डावीकडे लाकडाच्या वखारींजवळ अर्ध्या शटरचं एक गॅरेज, आणि बाहेर एका टेम्पोखालून दोन पाय आलेले. ते पाय थांबले. मग माणूस सरकत बाहेर आला. रत्नाकर. केस पिकलेत. त्यानं आधी गाडीचा आवाज ओळखला होता, मला नंतर पाहिलं. तो उभा राहिला, फडक्याला हात पुसत.

पुढची गाडी हलली. चढ चांगलाच होता. मी पेडल सोडत आणलं, गाडी थरथरली, बोटभरही मागे न जाता उभी राहिली — आणि मग लोण्यातून सुरी जावी तशी वर निघाली. आरशात पाहिलं. रत्नाकरनं मान हलवली. एकदाच. चांगलं काम बघून माणूस हलवतो तशी.

मला काय आनंद झाला सांगू! बाजारात पहिल्यांदा दुकानाचं शटर उघडलं तेव्हा झाला नव्हता. वाटलं, बघ, बघ माझा पाय! पुलाच्या माथ्यावर मी हॉर्नसुद्धा वाजवला.

खाली उतरल्यावर लक्षात आलं की माझी काच उघडी होती. तो हाकेच्या अंतरावर होता, वाहतूक कितीतरी वेळ थांबलेली होती, आणि त्या सगळ्या वेळात मी त्याला फक्त पाय दाखवत होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? मी वळून परत गेले नाही.

ज्यांना ज्यांना मी दुकानात, मंडपात, लग्नात सांगितलं, त्यांतल्या कुणाच्या हाती हे पडलं तर पडो. विलासच्याही पडेल. उद्या कुणी बाजारात तोंडावर बोललं तर मी गप्प ऐकून घेईन, असं लिहिणार होते — पण ते आणखी एक खोटं झालं असतं. मी भांडेन. आवाज चढवून भांडेन. तरीही दसऱ्याच्या त्या दिवशी त्या गाडीचा क्लच चांगला होता, आणि मला ती चालवता येत नव्हती.