ज्वारीतली सीडी

उमरग्याच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसते. शाळा दहावीच्या आधीच सुटली, लग्न झालं, पोरगी झाली, मग हे काम लागलं. कॉम्प्युटरचं भ्या अजून वाटतंच, पण काम येतं मला.

हिवाळ्यात एक मामा आले, संगं सून. त्यांची कंबर दुखायची, एक पाय बधिर पडत चाललेला. सोलापूरला मणक्याचा एमआरआय काढलेला, त्याची सीडी सुनंनं माझ्यापुढं ठेवली. सीडीच्या भोकात सुतळी.

"ही सुतळी कशाची?" म्या विचारलं.

"ज्वारीत बांधली होती. चमकलं की पाखरं भेतात."

"माझी कंबर चिमण्यांला दाखवली हिनं," मामा म्हणले.

"तुमीच म्हणलाव न्हवं, रिपोर्टचा कागद हाय घरात, चकतीत काय नसतंय म्हणून."

आत सोलापूरचे हाडाचे डॉक्टर बसलेले. ते महिन्यातून एकदाच येतात. त्यांनी कागद वाचून परत दिला. चित्र बघितल्याबिगर ऑपरेशनचं सांगणार न्हाय म्हणले, उघडलं तर दाखवा, न्हाय तर पुढल्या महिन्याला या. आन् मामांना तर चप्पल पायातनं निसटलेली कळत नव्हती.

सुतळी कापली, सीडी आत घातली. नुसती करकर करकर, स्क्रीनवर काय न्हाय. बाहेर काढली, धूळ आन् ओरखडे. माझ्या पिशवीत पोरीचं मऊ झबलं होतं, ते पाण्यात बुडवून पिळलं आन् मधनं कडंला सरळ सरळ पुसलं. गोल पुसलं की ओरखडे वाढतात, हे मला ठावं होतं. मग कोरडी करून परत घातली.

ह्या बारीला फाईली दिसल्या, नुसत्या आकड्यांच्या. एकीवर दोनदा दाबलं तर कॉम्प्युटर मलाच विचारतोय, कशात उघडू. आधी मी असल्या वेळी कशावर पण दाबायची, आता न्हाय दाबत. आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरून घ्यायला लावलं, सीडीचा भरवसा काय. अर्ध्यात अडकलं. एक फाईल वाचता येत न्हाय, सोडून पुढं जाऊ का, असं आलं.

"सोड की बाई," सून म्हणली. "एकानं काय हुतंय?"

"त्यातच दुखणं असलं तर?"

म्या सीडी काढली, परत पुसली, परत घातली, दम धरून पहिल्यापासनं लावलं, आन् ती फाईल पण आली. त्याच सीडीत चित्रं बघायचा प्रोग्राम असतो, तो हुडकून चालू केला. काळ्या स्क्रीनवर पांढरा मणका उभा राहिला.

डॉक्टर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी माउसचं चाक फिरवाय लागले.

"थांब. जरा मागं घे. हां." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मामा, ही शीर दबलीय. ऑपरेशन करावं लागेल. ह्याच आठवड्यात सोलापूरला या, उशीर केला तर पाय कायमचा जाईल."

मामा स्क्रीनकडं वाकले. "हे माझंच हाय व्हय?"

"तुमचंच," सून म्हणली. "परवा निघायचं. आता न्हाय म्हणू नका."

"कुठं म्हणलो?"

म्या फोल्डरला मामांचं नाव घातलं, पेनड्राइव्हवर घेतलं. पेनड्राइव्ह काढून परत लावला, त्यातनं उघडून बघितलं. उघडलं, मगच डॉक्टरांच्या हातात दिला.