सात नंबरचा पाईप

तेन्चा इबाराची नोकरी एकतीस डिसेंबरला संपणार होती. सान लाझारोच्या पाणीखात्यात निरोपाच्या केकवरून वाद सुरू झाले होते, आणि तिला केकच नको होता. "मक्याचे गरम तमाले आणा, नाहीतर काही आणू नका," ती म्हणाली.

चौतीस वर्षं तिने गावाच्या बोअर मोजल्या. पोलादी फितीला निळा खडू चोळायचा, फीत पाईपातून खाली सोडायची, वर ओढली की खडू कुठवर भिजलाय त्यावरून पाईपाच्या तोंडापासून पाणी किती खोल आहे ते काढायचं. मग पाईप जमिनीच्या वर जेवढा दिसतो तेवढी उंची त्यातून वजा करायची आणि उरलेला आकडा वहीत लिहायचा. दुसऱ्या गावांत मोजणारे ती उंची जुन्या वहीतून उतरवून मोकळे होत. तेन्चा दर जानेवारीत गुडघे टेकून नव्याने मोजायची.

"डॉक्टर, तुझ्या कॉम्प्युटरला गुडघे आहेत का?" ती मला विचारायची.

मी तिथला पाण्याचा तज्ज्ञ; डॉक्टरेट केलेला, म्हणून तिचा 'डॉक्टर'. शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवल्याशिवाय आमच्याकडे नवी वसाहत होत नाही. तेन्चाच्या आकड्यांवरून मी लिहून दिलं होतं की गावाखालचं पाणी वीस वर्षं आहे तिथेच आहे. त्या अहवालावर चौदाशे घरं उभी राहणार होती. त्यातलं एक तेन्चाच्या भाचीने, इर्माने आधीच नोंदवून ठेवलं होतं. पाच वर्षं ती दोन मुलांना घेऊन मावशीच्या दोन खोल्यांत राहत होती.

वसाहतीच्या मंजुरीच्या सभेला आठवडा होता. एकदा खात्री करावी म्हणून आम्ही दोघं सात नंबरच्या बोअरवर गेलो. पाईप तेन्चाच्या छातीला लागत होता.

"मी लागले तेव्हा हा गुडघ्याएवढा होता," ती म्हणाली. "हा वाढतोय की मी आखडतेय?"

खात्यातला हा फार जुना विनोद. पाणी उपसलं की जमीन खचते आणि खोल खडकात रोवलेला पाईप उघडा पडतो, हे आम्हाला तोंडपाठ होतं. मी सवयीने हसलो. ती मात्र हसली नाही. खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

"डॉक्टर, पाईप आहे तिथेच आहे ना? जमीन खाली गेलीय."

"हो."

"मग मी दर वर्षी काय वजा करत होते?"

तेव्हा कुठे मला दिसलं. जमीन आणि पाणी दोन्ही बरोबरीने खाली चालली होती, आणि तेन्चा इमानाने त्या दोन्हींमधलं अंतर मोजत होती. ते बदलत नव्हतं. पाणी मात्र जात होतं. तिने आळस करून जुनीच उंची उतरवली असती तर आकडे बरोबर आले असते. आणि मी, एवढा शिकलेला माणूस, अकरा वर्षं त्या वहीवर सही करत होतो. आठवलं की अजून लाज वाटते.

"अहवाल मी मागे घेतो," मी म्हणालो. "कारण तांत्रिक आहे म्हणून लिहितो. तुझं नाव कशाला?"

"आणि इर्माला काय सांगू? तांत्रिक?"

सभेत माझ्याआधी तीच उठली. कुठे चुकलं ते तिने चार वाक्यांत सांगितलं. मी उभा राहून माझीही चूक कबूल केली, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तिसऱ्या रांगेत इर्मा उठली होती.

"मावशी, घर घे असं तूच म्हणालीस ना? पाणी मी स्वतः मोजलंय म्हणालीस."

"म्हणाले."

"मग आता किती आहे ते सांग."

तेन्चाने वही मिटली. "मला माहीत नाही, बाळा. जानेवारीत जाऊन सगळ्या बोअर परत मोजते."

तोवर तिची नोकरी संपलेली असणार होती. सभेतल्या कुणीही तिला त्याची आठवण करून दिली नाही. इर्मानेही नाही.