टीव्ही बद्रीला, डबा हरिओमला

वडिलांच्या माघारी अंगणात भावांच्या वाटण्या चालल्या होत्या आणि दैवशाला आत खोलीत जालन्याच्या एका गुत्तेदारानं बांधायला घेतलेल्या बंगल्याचं चित्र काढत होती. चित्र म्हणजे कागदावरचं नव्हे. घर बांधायच्या आधीच ते उन्हात कसं दिसेल, दिवे लागल्यावर कसं दिसेल, हे कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करून दाखवायचं, हा तिचा धंदा. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती केदारखेड्यातूनच भोकरदन, जालन्याची कामं करायची. आज सकाळी शेवटचं चित्र तयार व्हायला लावलं होतं. मशीन दिवसभर चालणार होतं आणि उद्या गुत्तेदार ते मालकाला दाखवणार होता.

बाहेर मोठा भाऊ बद्रीनाथ, धाकटा हरिओम आणि पंच म्हणून आलेले तातेराव मामा. हंडे, पराती, फवारणीचा पंप, सगळं मांडून दोघांसाठी सारख्या जोड्या लावणं सुरू होतं. माय, उषाबाई, चुलीपाशी चहा करत होती. तिची वाटणी सगळ्यांत आधी उरकली होती. सहा महिने बद्रीकडं, सहा महिने हरिओमकडं. तिला कोणी विचारलं नाही आणि ती काही बोलली नाही. दैवशालेच्या डोक्यात सकाळपासून तोच राग होता. भावांचा थोडा, मायचा जास्त.

तेवढ्यात हरिओम आत आला आणि मॉनिटरच्या वायरी उपटायला लागला.

"काय करून राह्यला रे?"

"आक्का, मामानं बाहेर आणायला सांगितलं. हे बी धरायचं ना वाटणीत."

स्क्रीन काळी झाली. टेबलाखाली कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे मात्र घोंघावतच होते; काम चालू होतं. मॉनिटर काखेत मारून हरिओम निघाला, तशी दैवशाला त्याच्या मागं अंगणात आली.

टरबूज वाजवून बघावं तसा मामांनी मॉनिटर वाजवून बघितला. "काय किंमत असंल?"

"मोबाईलवर पाह्यलं मी," हरिओम म्हणाला. "डबा धरून, नवा घ्यायचा तर पावणेदोन लाखाच्या खाली न्हाई."

"अरे बाप! बैलजोडी झाली की ही."

"वापरलेला हाय मामा, अर्ध्यात धरा," बद्रीनाथ म्हणाला.

"मंग असं करू. टीव्ही बद्रीला, डबा हरिओमला. बराबर?"

"टीव्ही न्हाई तो, मामा," दैवशाला म्हणाली. पुढं समजावून सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कोणाला सांगायचं? आधीच्या लॅपटॉपवर चित्रातल्या घराची एक खिडकी सरकवली तरी तो अडकायचा. म्हणून तिनं हे मशीन तुकड्या-तुकड्यानं जमवलं. आधी प्रोसेसर, मग रॅम. गुत्तेदार पैसे द्यायला रखडवायचे, आणि ग्राफिक कार्डाची रक्कम जमेपर्यंत रिकामा डबा कपाटावर पडून होता. तेव्हा हाच बद्रीनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, आमच्या दैवीनं कोंबड्याचं खुराडं आणलंय." आता त्या खुराड्याला वाटेकरी झाले होते.

"हे माझं हाय. माझ्या कमाईचं."

"घरात राहून कमावलं ना? घरात आलं ते घराचं. लाईट कोणाची जळली?"

"लाईटबिल मीच भरते दादा. तुमच्या दोघांच्या खोल्यांचं बी."

मामा हसले. "पोरीचं काय वेगळं असतं बाई? उद्या लग्न होऊन जाशील. अन् परवा भोकरदनला चल. हक्कसोडीवर तुझी सही लागती. एकदा जमीन पोरांच्या नावावर झाली की मिटलं."

दैवशालेच्या कानशिलात जाळ झाला. तिची वस्तू वाटणीत होती. ती नव्हती.

"धरा मामा. बिलकुल धरा. ठेवा माझं मशीन त्या हंड्यांच्या ढिगात. पण मंग मला बी धरा. भांड्यात धरा अन् जमिनीत बी."

बद्रीनाथनं मामांकडं पाहिलं. मामांनी घसा साफ केला आणि आवाज एकदम मऊ केला.

"तापू नको गं. राहू दे, कॉम्प्युटर तुला. भावांनी ओवाळणीत घातला समज. हरिओम, नेऊन ठेव रे आत. तेवढी सही कर, झालं."

आत्तापर्यंत अर्ध्या किमतीचं ठरलेलं मशीन क्षणात वडिलांच्या नऊ एकरांतल्या हिश्श्याएवढं झालं होतं. आणि ते तिलाच बक्षीस मिळत होतं.

"माझीच वस्तू मला ओवाळणीत?" तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. "लाज वाटू द्या थोडी! मी सही करणार न्हाई."

"हिस्सा मागितला की माहेर तुटतं," बद्रीनाथ गुरकावला. "ध्यानात ठेव."

"माहेर ठेवलंय कुठं तुम्ही? माय सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. मी कोणत्या दारात यायचं, ते बी वाटून टाका!"

"तीन वाटे करायला जमीन का रबर हाय?"

"तीन न्हाई दादा, चार. मायचा बी हाय. कायद्यानं."

उषाबाई चहाचं ताट घेऊन मागंच उभी होती.

"माझा बी?"

तिनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि आपल्या भावासमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, तुला ठाऊक होतं?"

"अगं, कायद्यात लई काय काय असतं..."

"आपला अप्पा वारल्यावर माझी सही घ्यायला आल्ता तू. म्या शेंगा फोडत होते. म्हणला, इथं अंगठा लाव, नुसती रीत हाय. नवी साडी आणल्ती तू. तवा बी ठाऊक होतं?"

तातेराव मामांनी उत्तराऐवजी चहाच्या कपाकडं हात नेला. उषाबाईनं ताट पायानं मागं सरकवलं.

"चहा मंग. आधी सांग."

हरिओम मॉनिटर छातीशी धरून मधोमध उभा होता. पुढं जावं की मागं, हे त्याला कळेना.

"ठेव ते तिच्या टेबलावर," उषाबाई मागं न बघता म्हणाली, "अन् वायरी होत्या तशा लाव. उद्या तिला काम द्यायचंय."