कुत्र्यापुढे वाकू नये

कुत्रा घरी आला तेव्हा त्याच्यासोबत एक कागदही आला. महिनाभर ठेवून बघा, जमलं तर खाली सही करा, नाही तर आम्ही परत घेऊन जाऊ, असा त्याचा एकूण मतलब. आणून देणारी मुलगी बुलढाण्यातच एका कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात जखमी कुत्री उचलते. हा तिला मेहकर रस्त्यावर एका ढाब्यामागे सापडला होता, मागचा पाय मोडलेला. पाय जुळला, पण जरा तिरका जुळला. मी कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेली, त्यामुळे कागद दोनदा वाचला आणि सही न करता ठेवून दिला.

"जमलं तर" म्हणजे नेमकं काय, असं मी तिला विचारलं. असल्या मोघम शब्दांवर कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात. ती म्हणाली, "काका, तो आपणहून तुमच्याजवळ आला की जमलं समजा. नाहीच आला, तर त्याला भीतीत ठेवण्यात काय अर्थ?"

कुत्रा हवा होता मला. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला कुणीतरी सोबत असावं, एवढाच विचार. बायकोला नको होता. ती वडनेर भोलजीच्या शेतकरी घरातली, तिच्या लेखी कुत्र्याची जागा खळ्यावर. "घरात कुत्रं काय कामाचं? तुमीच आणलं, तुमीच पाहा. मले काई सांगू नका," असं बजावून तिने पहिल्याच संध्याकाळी त्याला दुधात भाकर कुस्करून दिली. नावही तिनेच ठेवलं. ते मला पसंत नाही, म्हणून इथे देत नाही.

चौथ्या दिवसापासून कुत्रा तिच्या मागे मागे फिरू लागला. ती ओट्याशी, तर हा स्वयंपाकघराच्या दारात. ती कपडे वाळत घालायला गेली की हा दोरीखाली. आणि मी नुसता अंगणात आलो, की तिरका पाय ओढत पाण्याच्या टाकीमागे पसार. मी अंडी उकडून दिली. कधी कुणाशी बोललो नाही इतक्या गोड आवाजात बोललो. अंडी तो खायचा, पण मी आत गेल्यावर. मला राग आला. खरं सांगायचं तर मत्सर वाटला, आणि तोही बायकोचा.

"काऊन हो, तुमाले पाहून असं काऊन करते हे?" ती विचारायची. विचारण्यात काळजी कमी आणि मजा जास्त.

उत्तर मिळालं ते दोनेक आठवड्यांनी. एकटाच फिरायला गेलो होतो. कोपऱ्यावरची दोन कुत्री भुंकत अंगावर आली आणि मी वाकलो. आमच्याकडे कुत्र्याला दगड मारावा लागत नाही, नुसतं वाकलं तरी भागतं. हात जमिनीकडे गेला, की कुत्रं समजून जातं आणि मागे फिरतं. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण आयुष्यभर मी ते केलंय. ती दोघंही पळाली. रस्ता डांबरी, झाडून काढल्यासारखा स्वच्छ, उचलायला खडासुद्धा नव्हता. मी तसाच वाकलेला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

घरी येऊन हिशेब लावला. सकाळी उठून मी अंगणात पडलेला पेपर वाकून उचलतो. चपला वाकून सरळ करतो. नळाची चावी जमिनीलगत, तीही वाकूनच फिरवतो. हे सगळं टाकीमागून त्याने रोज पाहिलेलं. बायकोची कंबर गेली आहे, दोन वर्षांपासून तिला पट्टा आहे. ती वाकतच नाही. काही खाली पडलं की मला हाक मारते, आणि मग मी त्याच्यादेखत आणखी एकदा वाकतो.

दुसऱ्या दिवसापासून मी वाकणं सोडलं. पेपरवाल्याला पेपर फाटकाच्या जाळीत खोचायला सांगितलं. काही उचलायचं असलं तर आधी दूर, त्याच्याकडे न बघता तोंड फिरवून बसायचं आणि मग सरकत जायचं. गुडघे बोंबलायचे. शेजारी बघत राहायचे. बायको म्हणाली, "कोर्टात इतकं संभाळून वागले असते, तं सायेब होऊन रिटायर झाले असते."

पण गुण आला. तिसऱ्या आठवड्यात मी जमिनीवर बसलेलो असताना त्याने मागून येऊन माझ्या पाठीचा वास घेतला. मी श्वास रोखून बसलो. मग त्याने गळ्यात पट्टा घालू दिला, मग फाटकापर्यंत आला, मग गल्लीच्या टोकापर्यंत. मी मनातल्या मनात सही करून टाकली होती.

महिना भरायला दोन दिवस राहिले होते. गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खोदला होता आणि कडेला गिट्टी पडली होती. एक काळं कुत्रं दात विचकत आमच्या अंगावर आलं. विचार करायला वेळच नव्हता, मी वाकलो, आणि या वेळी हातात खरोखरच दगड आला. काळं कुत्रं पळालं. मी मोठ्या ऐटीत मागे वळून पाहिलं. आमचा कुत्रा जमिनीला चिकटून पडला होता. डोळे मिटलेले, खालची माती ओली झालेली. तो पळाला नव्हता, कारण पट्ट्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

मी दगड टाकला. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. त्याला उचलून घरी आणलं. सबंध रस्ताभर तो थरथरत होता. त्या मुलीला फोन करून याला घेऊन जा म्हणायचं, हे मी फाटकाशी येईपर्यंत ठरवलं होतं. आत आल्यावर त्याला खाली ठेवलं, पट्टा सोडला, आणि फाटक मुद्दामच उघडं ठेवलं. जायचं तर जाऊ दे, म्हटलं.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग लंगडत घरात गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या पायाशी थांबेल असं मला वाटलं. तिथे तो थांबला नाही. "काय झालं हो याले?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

मी खोलीत गेलो आणि फरशीवर पालथा पडून पाहिलं. पार भिंतीला टेकून तो बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता. त्याला लपायचं होतं ते माझ्यापासून, आणि त्यासाठी त्याने जागा शोधली होती ती माझ्या खाटेखालची.

फोन मी केला नाही.