फोन : अर्धा तास

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे. ती घरी मशीनवर त्यांची काजं करायची, बटणं लावायची आणि परत पाठवायची. या कामात तिचा हात कुणी धरू शकत नसे. एक टाका वाकडा गेला तर अख्खं काज उसवून पुन्हा करणारी बाई. पण गेले सहा महिने हीच बाई रोज संध्याकाळी एका कार्डावर धडधडीत खोटं लिहीत होती.

कार्ड दिलं होतं स्पीच थेरपीच्या मॅडमनी, तिच्या लेकीसाठी. लेक साडेचार वर्षांची, घरात तिला टिकली म्हणत. टिकलीला ऑटिझम होता. व्हिडिओतली गाणी ती सुरात म्हणायची, मधल्या जाहिरातींसकट. आईला मात्र अजून एकदाही हाक मारली नव्हती. कार्डावर दोनच रकाने होते. आज फोन किती वेळ, आणि आज माणसाशी किती शब्द. पहिल्यात काजवाली लिहायची, ‘अर्धा तास’. खरा आकडा पाच तासांच्या खाली क्वचितच यायचा.

हौस म्हणून का कुणी असं करतं? एकदा टिकलीने चालत्या मशीनच्या सुईखाली बोट घातलं होतं. थोडक्यात वाचलं, पण तेव्हापासून काजवालीचं अर्धं लक्ष सुईवर आणि अर्धं पोरीवर. नवरा दिवसभर कामावर. हातात फोन असला की पोर चटईवरून हलायची नाही. त्यात जाऊबाई येता-जाता ऐकवायच्या, "फोन देऊन देऊनच मुकी केलीस तिला." मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ऑटिझम फोनमुळे होत नाही, पण जेवढा वेळ ती फोनसमोर एकटी, तेवढा वेळ तिच्याशी बोलणारं कुणी नसतं. काजवालीने त्यातलं पुढचं तेवढं ऐकलं, तेही जाऊबाईंच्या आवाजात. मग पेन हातात घेतल्यावर खरं लिहायची छातीच होईना.

त्या गुरुवारी थेरपीला गेल्यावर मॅडमनी एक चिठ्ठी पुढे केली.

"ताई, तुम्ही घरी इतकं करता. फोन फक्त अर्धा तास. तरी सहा महिन्यांत काही हलत नाही, म्हणजे चुकतंय ते माझंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं केंद्र आहे, आता तिथे न्या तिला. मी लिहून दिलंय."

टिकली तेव्हा मॅडमच्या मांडीवर बसून त्यांच्या बाहीचं बटण फिरवत होती. आईबापांखेरीज जगात ती याच एका माणसाच्या मांडीवर बसायची. ते माणूस आता आपल्या खोट्यापायी हातचं जाणार, हे काजवालीला कळलं.

"पाच तास, मॅडम," ती म्हणाली. "कधी सहा. मी खोटं लिहिते."

मग तिने सगळंच ओकलं. सुई, गठ्ठे, जाऊबाई. आणि शेवटी, नवऱ्यालाही न सांगितलेलं एक.

"फोन काढून घेऊन समोर बसते ना, बोलते ना तिच्याशी, तर ती माझ्या गालावरून बोट सरकवते. व्हिडिओ बदलतात तसं. मी नको असते तिला, मॅडम. पुढचं हवं असतं."

"कधीपासून?"

"चार महिने झाले असतील. रोजच."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? फोन देते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो ताई, ती तुमच्याशी बोलत होती. हे नको, दुसरं कर, असं सांगत होती. सहा महिने मी इथे तेवढंच शोधतेय."

काजवालीला रडू फुटलं, ते सुटकेचं नव्हतं. फोन लपवता लपवता तिने ते बोटही लपवलं होतं. लेक रोज काहीतरी मागत होती आणि ही रोज त्याला नकार समजून फोन पुढे करत होती.

मॅडमनी चिठ्ठी खणात टाकली. "महिनाभर थांबू. पण कार्ड खरं लिहायचं."

घरी चाळीस शर्ट वाट बघत होते. तिने मशीन बंदच ठेवलं, फोन कपाटात टाकला आणि टिकलीसमोर बसली. "हे बघ, बटण. पांढरं बटण." बोट आलं, गालावरून सरकलं. काजवालीने बटण सोडून टाळ्या वाजवल्या. पुन्हा बोट. तिने गाल फुगवले. पुन्हा बोट. मशीनसारखी खटखट केली. पुन्हा बोट. अर्ध्या तासात तिच्याजवळचं सगळं संपलं, बोट थांबेना. आणि शर्ट तर होतेच. फोन कपाटातून बाहेर आला.

संध्याकाळी तिने कार्ड भरलं. फोन, साडेचार तास. शब्द, एकही नाही. रकाने संपले होते, म्हणून खाली बारीक अक्षरांत लिहिलं: गालावर बोट, एकवीस वेळा. आधी थकले ती मी.